जाळं उचललं पारव्यांनी, कापलं कोणी?

नमस्कार मंडळी.

आज बालशाळेच्या मुलांना ‘एक अनेक और एकता’ हा छोटा चित्रपट दाखवणार आहोत. नावावरून ओळख पटली नाही, तरी ‘एक चिडिया, अनेक चिडिया’ म्हटलं की इथल्या निम्म्या सभागृहाच्या ओठांवर पुढची ओळ येईल. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली काढलेली ही जेमतेम सात मिनिटांची चित्रफीत दूरदर्शनवर वर्षानुवर्षे लागायची. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही तिला मिळाला.

चित्रपट हिंदी, पण त्यामागची माणसं बघा. दिग्दर्शिका विजया मुळे १९२१ साली मुंबईत जन्मल्या. लग्नानंतर पाटण्याला गेल्या, पुढे इंग्लंडमध्ये लीड्सला शिकल्या आणि शिक्षण व चित्रपट या दोन्ही गोष्टींना त्यांनी आयुष्य वाहिलं. सगळे त्यांना ‘अक्का’ म्हणत. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. संगीत आपल्या कोकणातल्या वसंत देसाईंचं. ‘अमर भूपाळी’तली ‘घनश्याम सुंदरा’ची चाल ज्यांनी दिली, त्यांनीच ही बालगीताची चाल बांधली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. त्यातला गोड आवाज साधना सरगम यांचा, त्या वेळी त्या अगदी लहान होत्या. चित्रं हलती केली भीमसेन यांनी. शेवटचं गीत दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचं. सात मिनिटांसाठी एवढी मोठी माणसं मन लावून बसली, याचं मला फार अप्रूप वाटतं. मुलांसाठीचं काम म्हणजे हलकं काम, असं त्यांतल्या एकालाही वाटलं नाही.

गोष्ट मात्र त्यांची नाही, ती फार जुनी आहे. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात आणि हितोपदेशाच्या सुरुवातीला चित्रग्रीव नावाच्या पारव्यांच्या राजाची कथा येते. दाण्यांच्या लोभाने थवा जाळ्यात सापडतो. सगळे मिळून उडतात, जाळं घेऊनच उडतात. खाली पारधी धावतोय. त्याला वाटतं, आत्ता भांडतील आणि पडतील.

चित्रपटाने ही कथा घेतली आणि त्यातला राजा काढून टाकला. तिथे फक्त चिमण्या आहेत, कोणी मोठी नाही, कोणी आज्ञा देत नाही. हा बदल मला फार आवडतो. गोष्ट सांगते तीसुद्धा एक मोठी बहीण, गुरुजी नव्हेत. आणि ती संपल्यावर मुलं हात जोडून बसत नाहीत. झाडावरचे आंबे एकट्याच्या हाताला येत नाहीत, म्हणून सगळी मिळून युक्ती काढतात.

पण राजाबरोबर एक प्रसंगही गेला, आणि त्याची मला चुटपूट लागते. थवा उडत उडत हिरण्यक उंदराच्या बिळाशी येतो. मित्र म्हणून हिरण्यक आधी चित्रग्रीवाचेच पाश कुरतडायला धावतो. चित्रग्रीव म्हणतो, थांब, आधी माझ्या सोबत्यांचे तोड. हितोपदेशात हिरण्यक त्याला समजावतो की माझी ताकद थोडी, दात कोवळे, म्हणून आधी तुझे तोडू दे, मग दात टिकतील तोवर बाकीच्यांचे. चित्रग्रीव ऐकत नाही. म्हणतो, यांचे जमतील तेवढे तरी तोड. मुलांना ही जागा सांगितली की ती एकदम गप्प होतात आणि मग विचारतात, ‘मग दात तुटले का?’

आणखी एक गोष्ट. ‘एकीचं बळ’ म्हणून ही कथा आपण मुलांना सांगतो आणि थवा उडाला की थांबतो. पण उडाल्यानंतरही जाळं अंगावरच असतं! एकीने ते उचललं गेलं, कापलं गेलं नाही. कापलं उंदराने. ज्याला पंख नाहीत, जो जमिनीत राहतो, पारव्यांशी ज्याचं काही साम्य नाही, त्याने. पंचतंत्रातल्या त्या तंत्राचं नाव ‘मित्रसंप्राप्ती’ आहे, म्हणजे कथाकाराचं लक्ष सुरुवातीपासून तिकडेच होतं. पुढे त्या मैत्रीत कावळा येतो, कासव येतं, हरीणही येतं. अक्कांनी राजा गाळला, पण उंदीर ठेवले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

परदेशात मंडळ चालवताना आपण पहिला भाग चांगला करतो. गणपती असो, दिवाळी असो, कोणाच्या घरी आजारपण असो, शंभर हात पुढे येतात. पण शेजारच्या घरातल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या माणसाला आपण यातल्या कशाला बोलावतो? आपल्या मुलांचे वर्गमित्र कोणत्याही देशाचे असोत, ते आज इथे का नाहीत? म्हणून समितीला माझी विनंती आहे की पुढच्या मेळाव्याला प्रत्येक मुलाने एक अमराठी मित्र आणावा आणि हीच चित्रफीत त्या सगळ्यांसाठी पुन्हा लावावी. भाषा कळली नाही तरी चित्रं कळतील, आणि नाही कळली तर शेजारी बसलेलं आपलं मूल समजावून सांगेल.

आज चित्रपट संपल्यावर दहा मिनिटं राखून ठेवली आहेत. आजी-आजोबांपैकी ज्यांना चित्रग्रीवाची कथा येते, त्यांनी ती मुलांना पूर्ण सांगावी, हिरण्यकाच्या दातांसकट. आता दिवे मालवायला हरकत नाही.