समरहिलचा गिलावेवाला

अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या समरहिल भागाला लागून एक स्टेडियम आहे, १९९६ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं. ते बांधणाऱ्या कंपन्यांमध्ये एक होती एच. जे. रसेल. तिचा मालक हर्मन रसेल ह्याच समरहिलमध्ये १९३० साली जन्मला.

वडील गिलाव्याचं काम करायचे. हर्मन शाळकरी वयातच थापी धरायला शिकला, शिवाय बूटपॉलिशही करायचा. बोलताना लहानपणापासून अडखळायचा. पण वडिलांनी एक सवय लावली, मिळेल त्यातलं थोडं बाजूला टाकायचं. त्या साठवलेल्या पैशातून सोळाव्या वर्षी गड्याने १२५ डॉलरला प्लॉट घेतला, मित्रांना हाताशी धरून त्यावर दोन बिऱ्हाडांचं घर उठवलं आणि त्याच्या भाड्यातून अलाबामा राज्यातल्या टस्कीगी ह्या काळ्यांच्या कॉलेजचा खर्च भागवला. आपल्याकडे त्या वयात पोरं पॉकेटमनीसाठी भांडतात, असो.

१९५७ ला वडील गेले आणि धंदा ह्याच्याकडे आला. मग हळूहळू गिलाव्यावरून पूर्ण बिल्डिंगा, स्वस्त भाड्याची घरं, टॉवर. १९६२ मध्ये शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सने, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने, त्याला मेंबर व्हायचं पत्र पाठवलं, हा काळा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं म्हणे! गेला की हा, पहिला काळा मेंबर म्हणून. रसेलच्या घरी स्विमिंग पूल होता, मार्टिन ल्यूथर किंग तिथे पोहायला यायचे, कारण शहरातले चांगले पूल गोऱ्यांचे.

पण खरं दार उघडलं ते १९७४ नंतर. मेनार्ड जॅक्सन अटलांटाचे पहिले काळे मेयर झाले आणि एअरपोर्टच्या कामात अल्पसंख्याक कंपन्यांना वाटा द्याच म्हणून हटून बसले, मोठ्या गोऱ्या कंपन्या चिडल्या, तरी भागीदारी करावीच लागली. १९८० ला उघडलेल्या टर्मिनलच्या कामात रसेलची कंपनी होती. नुसती मेहनत म्हणून सांगतात लोक, पण मेयरचा तो हट्ट नसता तर एवढी मोठी कामं हाती आली असती का, मला तरी शंका आहे.

आणि समरहिल? हायवेनं आधीच वस्ती चिरली होती, १९६५ ला पहिलं स्टेडियम आलं, घरं गेली. मग दुसरं, ते ऑलिम्पिकचं, आलं, त्यात रसेलच्या कंपनीचा हात. २०१६ नंतर बेसबॉलची टीमही निघून गेली, आता तिथे एका युनिव्हर्सिटीची पोरं अमेरिकन फुटबॉल खेळतात.

रसेल २०१४ मध्ये गेला. अटलांटाच्याच कॅसलबेरी हिल भागातल्या त्याच्या जुन्या हेडऑफिसात आता काळे व्यावसायिक आपापले धंदे उभे करतात.