पाण्याचा प्रश्नच नाही, सर!

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात कोथरूड कुठपर्यंत पसरलंय, हे महापालिकेपेक्षा एजंटांना जास्त चांगलं ठाऊक असतं. मोबाइलवर घरं बघायला लागा. वारज्याचं 'कोथरूड अ‍ॅनेक्स' होतं, सूसचं 'बाणेर अ‍ॅनेक्स' होतं आणि मेट्रो सगळ्यांनाच पाच मिनिटांवर असते. कोणत्या वेळी आणि कशावर बसून, ते विचारायचं नाही!

थट्टा सोडा, पण या एजंटांच्या मताला किती किंमत द्यायची? मी आधी त्यांच्या दलालीचा हिशेब मांडतो. दोन टक्के धरू. फ्लॅट ऐंशी लाखांना गेला तर त्याला एक लाख साठ हजार मिळतात, अठ्ठ्याहत्तरला गेला तर एक लाख छप्पन्न. तुमचे दोन लाख वाचले, त्याचे चार हजार गेले. आणि व्यवहार मोडला तर? शून्य. म्हणजे भाव चढवण्यापेक्षा सौदा पटकन होण्यात त्याला जास्त रस. म्हणून 'आत्ता नाही घेतलंत तर दिवाळीनंतर भाव वाढतील' हे त्याचं मत मी कानाआड करतो. पण 'या बिल्डिंगमधले फ्लॅट चार-चार महिने पडून राहतात' असं तो बोलता बोलता म्हणाला, तर मात्र कान टवकारतो. ते त्याने रोज बघितलेलं असतं.

क्षेत्रफळाचं तेच. ऑनलाइन 'हजार स्क्वेअर फूट' दिसलं की पहिला प्रश्न, कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायची जागा, किती? रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या व्याख्येत कार्पेट एरियात आतल्या भिंती धरतात. बाल्कनी, गच्ची आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. हजाराचे सातशे होताना मी पाहिलेत.

नवा प्रकल्प असेल तर काम थोडं सोपं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाचा, क्यूआर कोड द्यावा लागतो. तो स्कॅन करा, नोंदणीच्या वेळी बिल्डरने काय लिहून दिलंय आणि ताबा कधी द्यायचा आहे, ते दिसतं. एजंटलाही त्याचा महारेरा क्रमांक मागा. मागायला लाजू नका, आपण भाजी घेताना सुट्टे मागतोच की.

रीसेलमध्ये मात्र एजंट म्हणेल तो 'चालू रेट' असतो. तो मालकाने मागितलेला आकडा असतो, मिळालेला नव्हे. कागदावर नोंदवलेला आकडा इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या सरकारी गोषवाऱ्यात असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून त्याच सोसायटीतले मागचे दोन-तीन व्यवहार काढा, आणि मग बोलायला बसा.

आता शीर्षकातली गोष्ट. धायरीतल्या एका टू बीएचकेचा व्हिडिओ बघितला होता. हवा खेळती, उजेड भरपूर, आणि 'पाण्याचा प्रश्नच नाही, सर!' रविवारी बघून आलो, फ्लॅट खरंच छान. खाली उतरताना वॉचमनकाकांना सहज विचारलं.

"काका, पाणी कसं येतं?"

"टँकरनं. सकाळी सातला. एक दिवस चुकत नाही बघा."

एजंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मग? प्रश्न कुठे आहे, सर?"

मी मेंटेनन्स किती पडतो ते विचारलं. म्हणाला, "ते सेक्रेटरींना विचारून सांगतो." अजून सांगतोय.