चालत्या टेबलवर इंडेक्स

ऑर्डर्सच्या टेबलमध्ये ग्राहकाच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नाही, म्हणून ‘माझ्या ऑर्डर्स’चं पान रखडतंय. आपण रेल्स या रुबीच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एक मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी फाइल, काढतो, ‘अ‍ॅड इंडेक्स’ची एक ओळ लिहितो आणि लॅपटॉपवर चालवून बघतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम होतं, कारण तिथे रेकॉर्ड असतात जेमतेम दोनशे. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या डेटाबेसवर, तेच टेबल काही कोटी रेकॉर्डचं असतं, आणि तिथे ही ओळ म्हणजे कुलूप आहे.

आज पोस्टग्रेस या डेटाबेसपुरतंच बोलतो. साधं ‘क्रिएट इंडेक्स’ टेबलवर ‘शेअर’ लॉक घेतं. वाचायला आडकाठी नाही, पण इन्सर्ट, अपडेट, डिलीट सगळे इंडेक्स पूर्ण होईपर्यंत ताटकळतात. त्यामुळे फसगत होते. मुख्य पान उघडतं, शोध चालतो, सगळं आलबेल वाटतं; फक्त नवी ऑर्डर पडत नाही. त्यात पोस्टग्रेसवर रेल्स अख्खं मायग्रेशन एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा गठ्ठा) गुंडाळतं, आणि लॉक सुटतो तो कमिटला, म्हणजे गठ्ठा पक्का झाल्यावर. म्हणजे इंडेक्सच्या ओळीखाली जुना डेटा भरायचं काम त्याच फाइलमध्ये लिहिलंत, तर तेही संपेपर्यंत कुलूप तसंच.

यावरचा उपाय बराच जुना आहे. ‘कन्करंटली’ हा पर्याय पोस्टग्रेसमध्ये 8.2 पासून, म्हणजे 2006 पासून आहे. यात टेबल दोनदा वाचलं जातं, आधीपासून चालू असलेली ट्रान्झॅक्शन्स संपायची वाट बघितली जाते, आणि तोवर लिहिणं सुरू राहतं. वेळ जास्त लागतो, लागू द्या. मात्र हे ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. म्हणून रेल्समध्ये मायग्रेशनच्या डोक्यावर ‘डिसेबल डीडीएल ट्रान्झॅक्शन’ लिहावं लागतं आणि इंडेक्सच्या ओळीत अल्गोरिदम ‘कन्करंटली’ द्यावा लागतो. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कवाल्यांना ‘अ‍ॅड इंडेक्स कन्करंटली’ 3.0 पासून तयार मिळतं, तिथे ‘अ‍ॅटॉमिक’ फॉल्स करायचं. अशा फाइलमध्ये दुसरं काहीही घालू नका. मध्येच गाडी अडली तर मागे घ्यायला ट्रान्झॅक्शनच नसतं.

आणि गाडी अडते. कोणीतरी कन्सोलवर त्याच टेबलमध्ये अपडेट मारून, कमिट न करता चहाला गेलेला असतो, आणि तुमचा इंडेक्स त्याच्या चहाची वाट बघत बसतो. पोस्टग्रेस 12 पासून ‘पीजी स्टॅट प्रोग्रेस क्रिएट इंडेक्स’ नावाचा व्ह्यू, म्हणजे टेबलसारखा वाचता येणारा तक्ता, आहे. कुठल्या टप्प्यावर अडलंय ते त्यात दिसतं.

खरी मेख पुढे आहे. डिप्लॉयचा (नवा कोड सर्व्हरवर चढवायचा) टाइमआउट झाला, किंवा युनिक (एकच किंमत दोनदा न चालणारा) इंडेक्स करताना डुप्लिकेट सापडले, की मायग्रेशन पडतं. पण अर्धवट इंडेक्स तिथेच राहतो, ‘इनव्हॅलिड’ असा शिक्का घेऊन. क्वेरी त्याला हात लावत नाही, पण प्रत्येक इन्सर्टला तो सांभाळायचा खर्च मात्र पडू शकतो. मायग्रेशन पुन्हा चालवलं की ‘या नावाचा इंडेक्स आहे’ अशी एरर येते. मग कोणीतरी हुशारी करून ‘इफ नॉट एग्झिस्ट्स’ जोडतो. पोस्टग्रेस त्यात फक्त नाव बघतं, इंडेक्स धड आहे की नाही ते बघत नाही. मायग्रेशन हिरवं होतं, स्कीमाच्या फाइलमध्ये इंडेक्सची नोंद होते, कोड रिव्ह्यू पास होतो, आणि पान पूर्वीइतकंच रखडतं. माझ्या मते या कामातलं हे सगळ्यात वाईट अपयश. आधीची एरर बरी होती. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइनमध्ये बॅकस्लॅश डी आणि टेबलचं नाव द्या, ‘इनव्हॅलिड’ दिसलं तर तो इंडेक्स ‘कन्करंटली’च काढा आणि नव्यानं करा.

मघाशी मागून प्रश्न आला: फॉरेन की (दुसऱ्या टेबलच्या रेकॉर्डशी जोडणारं बंधन) दिली की इंडेक्स आपोआप होतो ना? मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनमध्ये होतो. पोस्टग्रेसमध्ये नाही. रेल्स 5 पासून ‘रेफरन्सेस’ लिहिलंत तर रेल्स तो जोडून देतं. पण कॉलम साधा बिगइंट (मोठा पूर्णांक) म्हणून घातला आणि फॉरेन की नंतर लावली, तर इंडेक्स तुमचा तुम्हीच करायचा.

आणि दुसरा: प्रत्येक टेबलला हा सोपस्कार करायचा का? नाही. ज्या मायग्रेशनमध्ये टेबल जन्माला येतंय, तिथेच साधी ओळ लिहा. रिकाम्या टेबलवर कुलूप लागलं काय नि न लागलं काय.