सत्तावन्न देशांची यादी: इस्लामी सहकार्य संघटनेचे सदस्यत्व कसे घडले

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

जुलै २०२० मध्ये दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सुरिनाम या छोट्या देशात चंद्रिकाप्रसाद संतोखी यांनी हाती वेद घेऊन, संस्कृत मंत्र म्हणत राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. ती बातमी आपल्याकडे मोठ्या कौतुकाने छापून आली. मात्र हा सुरिनाम १९९६ पासून इस्लामी सहकार्य संघटनेचा पूर्ण सदस्य आहे, ही गोष्ट त्या बातम्यांमध्ये माझ्या वाचनात कुठे आली नाही. तिथे मुसलमानांचे प्रमाण साधारण सातवा हिस्सा आहे. त्यांतील बरेचसे डच मळेवाल्यांनी जावा बेटावरून करारावर आणलेल्या मजुरांचे वंशज आहेत, तर काहींचे पूर्वज आपल्याच उत्तर प्रदेश आणि बिहारमधून गेलेले. शेजारचा गयाना १९९८ मध्ये सदस्य झाला आणि तिथे हे प्रमाण त्याच्याही निम्मे आहे. उलट, ज्या भारतात २०११ च्या जनगणनेनुसार १७ कोटींहून अधिक मुसलमान राहतात, तो या संघटनेचा सदस्य तर नाहीच, निरीक्षकही नाही.

ही विसंगती आज मला तुमच्यासमोर उलगडायची आहे. ‘मुस्लिम देशांची संघटना’ असे आपण सहज म्हणतो आणि कुणीतरी लोकसंख्येचे आकडे मांडून ही यादी तयार केली असेल, असे मनाशी धरून चालतो. प्रत्यक्षात ती सरकारांच्या सह्यांनी तयार झालेली आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या राज्यकर्त्याने, कशाच्या अपेक्षेने अर्ज केला आणि आत बसलेल्यांपैकी कुणी हरकत घेतली नाही, याचा तो दप्तरी इतिहास आहे, आणि म्हणून तो जनगणनेपेक्षा वाचनीय आहे.

सुरुवात एका आगीपासून झाली. २१ ऑगस्ट १९६९ रोजी जेरुसलेममधील अल-अक्सा मशिदीला डेनिस मायकेल रोहन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती तरुणाने आग लावली. बाराव्या शतकात नूरुद्दीनने करवून घेतलेला आणि जेरुसलेम जिंकल्यावर सलाहुद्दीनने तिथे आणून बसवलेला लाकडी मिंबर, म्हणजे ज्यावर उभे राहून खुतबा दिला जातो ते व्यासपीठ, त्या आगीत जळून गेले. पूर्व जेरुसलेम दोनच वर्षांपूर्वी इस्रायलच्या ताब्यात गेलेले असल्यामुळे या घटनेचा क्षोभ मोठा होता. महिनाभरातच मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांच्या यजमानपदाखाली रबात येथे मुस्लिम राष्ट्रप्रमुखांची परिषद भरली आणि २५ सप्टेंबर १९६९ हा संघटनेचा स्थापनादिवस ठरला.

या पहिल्याच परिषदेत भारताचे प्रकरण घडले आणि ते मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण पुढच्या पन्नास वर्षांचा सगळा पेच त्यात बीजरूपाने दिसतो. भारताला आरंभी निमंत्रण नव्हते. दिल्लीने प्रयत्न केले, परिषद सुरू झाल्यावर निमंत्रण आले आणि केंद्रीय मंत्री फखरुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ रबातला निघाले. ते पोहोचेपर्यंत भारताच्या आसनावर मोरोक्कोतील आपले राजदूत गुरबचन सिंग बसले. मुस्लिम राष्ट्रांच्या पहिल्यावहिल्या शिखर परिषदेत भारताच्या वतीने एक शीख अधिकारी बसला होता, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. भारताच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. पाकिस्तानचे याह्या खान मात्र पुढच्या बैठकीला आलेच नाहीत, आपल्या मुक्कामीच बसून राहिले. अहमदाबादेत त्याच दिवसांत भीषण दंगल उसळलेली असल्यामुळे त्यांना निमित्तही आयते मिळाले. यजमानांनी फखरुद्दीन अली अहमद यांना निरीक्षक म्हणून बसण्याचे किंवा बैठकीला न येण्याचे सुचवले. त्यांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. अखेर भारताला वगळूनच परिषद उरकण्यात आली आणि भारताने मोरोक्को व जॉर्डनमधील आपले प्रतिनिधी माघारी बोलावले. ज्या गृहस्थांना त्या सभागृहाच्या दाराबाहेर ठेवले गेले, ते पाच वर्षांनी भारताचे राष्ट्रपती झाले.

संघटनेचे मुख्यालय सौदी अरेबियातील जेद्दा येथे आहे. आपल्या कोकणातील कितीतरी मुसलमान कुटुंबांना जेद्दा हे नाव संघटनेच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे, कारण मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटी १९९५ पर्यंत याच बंदराला लागत असत. सनदेनुसार हे मुख्यालय तात्पुरते असून जेरुसलेम मुक्त झाल्यावर ते तिथे हलवायचे आहे. या तात्पुरतेपणाला आता अर्धशतक उलटून गेले. मलेशियाचे माजी पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान हे पहिले महासचिव झाले आणि १९७२ मध्ये सनद मंजूर झाली. ‘इस्लामी परिषद संघटना’ हे जुने नाव बदलून ‘इस्लामी सहकार्य संघटना’ हे नाव २०११ मध्ये कझाकस्तानातील अस्ताना येथे स्वीकारले गेले.

आता यादीकडे वळू. आज ५७ सदस्य आहेत. त्यांतील ५६ संयुक्त राष्ट्रसंघाचेही सदस्य आहेत आणि उरलेल्या पॅलेस्टाइनला तिथे केवळ निरीक्षक राज्याचा दर्जा आहे. अरब लीगचे सर्व २२ सदस्य यात आहेत. म्हणजे उरलेले ३५ अरब नाहीत. इस्लामी म्हटले की अरब, असे समीकरण मनात असेल तर ते इथेच सोडून द्यावे लागते. इतकेच काय, संस्थापक देशांतही हे समीकरण टिकत नाही. लेबनॉनमध्ये राष्ट्राध्यक्ष मारोनाइट ख्रिस्ती असावा असा संकेत स्वातंत्र्यापासून चालत आला आहे. सेनेगलची बहुसंख्य प्रजा मुसलमान, पण संघटना स्थापन झाली तेव्हा तिथले राष्ट्राध्यक्ष होते कवी लिओपोल सेदार सेंघोर, आणि ते कॅथलिक होते. तुर्कस्तानच्या राज्यघटनेत तर धर्मनिरपेक्षता हे राज्याचे लक्षणच मानलेले आहे.

यादी झपाट्याने वाढली ती १९७४ मध्ये. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले होते आणि आखाती देशांच्या हाती अचानक अमाप पैसा आला होता. त्याच सुमारास इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेची घोषणा झाली आणि १९७५ मध्ये तिचे काम सुरू झाले. रस्ते, पाणीपुरवठा, शाळा यांसाठी कर्ज हवे असलेल्या नव्या आफ्रिकी राष्ट्रांना या दाराचे आकर्षण वाटले नसते तरच नवल. गॅबनमध्ये मुसलमान अल्पसंख्य, पण राष्ट्राध्यक्ष बोंगो यांनी १९७३ मध्ये इस्लाम स्वीकारून ‘ओमर’ हे नाव घेतले आणि पुढच्या वर्षी देश सदस्य झाला. युगांडात हा निर्णय इदी अमीनचा. अमीन १९७९ मध्ये पळून गेला, त्यानंतर कितीतरी सरकारे आली, पण सदस्यत्व कुणी सोडले नाही. उलट २००८ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांची परिषद कंपालामध्येच भरली. सदस्यत्व घेताना राज्यकर्त्याची श्रद्धा किंवा लहर कामी येत असेल, ते टिकते मात्र व्यवहारावर, असे माझे मत आहे.

१९७४ च्याच फेब्रुवारीत लाहोरला दुसरी शिखर परिषद भरली. पाकिस्तानने बांगलादेशला अद्याप मान्यता दिलेली नव्हती आणि मान्यतेशिवाय शेख मुजीबुर रहमान लाहोरला पाऊल ठेवायला तयार नव्हते. सदस्य देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांचे एक पथक विमानाने ढाक्याला गेले, २२ फेब्रुवारीला भुट्टोंनी मान्यता जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी मुजीब लाहोरच्या विमानतळावर उतरले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पाकिस्तानच्या तुरुंगात असलेल्या माणसाला त्याच पाकिस्तानात तोफांची सलामी मिळाली. या संघटनेला निव्वळ भाषणांचा अड्डा म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो. याच भेटीत भाषण केलेल्या लिबियाच्या गद्दाफींचे नाव लाहोरच्या क्रिकेट मैदानाला मिळाले आणि आपल्याकडील क्रिकेटप्रेमींच्या तोंडी ते अजून आहे.

प्रत्येक ठिकाणी प्रवेश इतका सुरळीत झाला नाही. नायजेरियात मुसलमान आणि ख्रिस्ती यांची संख्या जवळपास बरोबरीची. तिथल्या बाबांगिडा यांच्या लष्करी राजवटीने जानेवारी १९८६ मध्ये गाजावाजा न करता पूर्ण सदस्यत्व घेतले. राजवटीतील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी एबिटू उकिवे यांनी हा विषय सर्वोच्च मंडळापुढे आलाच नव्हता असे उघडपणे सांगितले, आणि वर्ष संपण्याआधी त्यांचे पद गेले. झांझिबारची कथा आणखी निराळी. टांझानियाचा भाग असलेले हे बहुसंख्य मुस्लिम बेट १९९२ च्या अखेरीस परस्पर सदस्य झाले. परराष्ट्र धोरण हा संघराज्याचा विषय आहे, बेटाचा नव्हे, यावरून मुख्य भूमीत वादळ उठले आणि ऑगस्ट १९९३ मध्ये झांझिबारला माघार घ्यावी लागली. यादीत नाव लागण्यासाठी नुसती मुसलमान प्रजा पुरत नाही, त्यामागे सार्वभौम राज्य लागते, हे तेव्हा स्पष्ट झाले. कोसोव्होत बहुसंख्य मुसलमान असूनही तो आत नाही, कारण अनेक सदस्यांनी त्याला राज्य म्हणून मान्यताच दिलेली नाही.

निरीक्षकांची यादी तर याहून चमत्कारिक आहे. बोस्निया, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, थायलंड आणि २००५ पासून रशिया हे निरीक्षक आहेत. फिलिपिन्स हा देश निरीक्षक नाही, पण त्याच देशाविरुद्ध शस्त्र उचललेली मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडी १९७७ पासून निरीक्षक आहे. अर्थात त्या आघाडीशी फिलिपिन्स सरकारचा १९७६ चा त्रिपोली करार आणि १९९६ चा अंतिम करार घडवण्यात संघटनेची मध्यस्थी होती, हेही त्याबरोबर सांगायला हवे.

आत गेलेला देश बाहेरही काढला जातो. इस्रायलशी शांतता करार केला म्हणून १९७९ मध्ये इजिप्तचे सदस्यत्व स्थगित झाले आणि पाच वर्षांनी ते परत मिळाले. सोव्हिएत फौजा शिरल्यावर अफगाणिस्तान निलंबित झाला. २०१२ मध्ये सीरियाची खुर्ची रिकामी झाली ती असद राजवट कोसळल्यानंतर, मार्च २०२५ मध्ये भरली. पण सदस्यच सदस्यावर चालून गेला तर काय करायचे, याला संघटनेकडे कधीच उत्तर नव्हते. इराण-इराक युद्ध आठ वर्षे चालले आणि मध्यस्थी करणाऱ्या समितीला दोन्ही राजधान्यांतून रिकाम्या हाताने परतावे लागले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी रणगाडे कुवेतमध्ये घुसले तेव्हा तर याच संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची परिषद कैरोत चालू होती. बंधुभावाच्या ठरावांचे मसुदे टेबलावर होते आणि त्याच टेबलावरचा एक सदस्य दुसऱ्याला गिळत होता. इथे एक खुलासा करून ठेवतो. सौदी अरेबियाने डिसेंबर २०१५ मध्ये ३४ देशांची नावे वाचून जाहीर केलेली दहशतवादविरोधी लष्करी आघाडी वेगळी. इराण आणि इराक त्यात नव्हते. वृत्तपत्रांत या दोहोंची गल्लत वारंवार होते. इस्लामी सहकार्य संघटनेकडे स्वतःचे सैन्य नाही.

तिच्याकडे काय आहे, ते पाहायचे असेल तर गांबियाकडे पाहावे. नदीच्या दोन्ही काठांना चिकटलेली, तीन बाजूंनी सेनेगलने वेढलेली ही चिंचोळी पट्टी आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील सर्वांत लहान देश आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये या गांबियाने रोहिंग्यांच्या वंशसंहाराबद्दल म्यानमारवर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. तिथले न्यायमंत्री अबूबकर तांबादू यांनी पूर्वी रवांडाच्या वंशसंहार खटल्यांत काम केले होते. बांगलादेशातील निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी ज्या कहाण्या ऐकल्या, त्या त्यांना ओळखीच्या वाटल्या. दावा गांबियाचा, पण त्यामागे पाठबळ ५७ देशांच्या संघटनेचे. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने म्यानमारला संरक्षक उपाय योजण्याचा आदेश दिला. बलाढ्य सदस्यांच्या भांडणात हतबल ठरणारी ही संघटना एका छोट्या सदस्याच्या पाठीशी उभी राहते तेव्हा काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

शेवटी भारताकडे येतो, कारण मला आलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या त्याच प्रश्नाच्या आहेत. २००८ मध्ये डकार येथे स्वीकारलेल्या नव्या सनदेने नव्या सदस्यासाठी अट घातली की तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य आणि मुस्लिमबहुल असावा, आणि परराष्ट्रमंत्री परिषदेने त्याला सर्वसहमतीने मान्यता द्यावी. म्हणजे ज्या दाराने युगांडा, गॅबन, सुरिनाम आत गेले, ते दार आता बंद आहे. निरीक्षकपदाची वाट उघडी असली तरी तिथेही सर्वसहमतीच लागते, आणि सर्वसहमतीत एका पाकिस्तानचा नकार पुरेसा होतो. शिवाय अशा संघटनेत आपण बसावे का, हाही प्रश्न आहे. धर्माच्या आधारे बांधलेल्या गटात शिरण्याची १९६९ ची धडपड मला स्वतःला आपल्या राज्यघटनेच्या प्रकृतीशी न जुळणारी वाटते. पण त्या वेळी अरब जगात पाकिस्तानला मैदान मोकळे सोडू नये, हा दिल्लीचा हिशेब होता आणि तो चुकीचा होता असेही मी म्हणणार नाही.

१ मार्च २०१९ रोजी, बालाकोटच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, सुषमा स्वराज अबू धाबीत परराष्ट्रमंत्री परिषदेच्या व्यासपीठावर सन्माननीय पाहुण्या म्हणून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ऋग्वेदातील ‘एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति’ हे वचन उद्धृत केले. या वेळी यजमान संयुक्त अरब अमिरातीने निमंत्रण मागे घेण्यास नकार दिला आणि पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांची खुर्ची रिकामी राहिली. परिषद संपताना निघालेल्या अबू धाबी जाहीरनाम्यात काश्मीरचा उल्लेख नव्हता. त्याच परिषदेत संमत झालेल्या ठरावांच्या गठ्ठ्यात मात्र काश्मीरवरचा ठराव होता, आणि भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जम्मू-काश्मीर हा आमचा अंतर्गत विषय असल्याचे नेहमीचे उत्तर पुन्हा एकदा दिले.