पहिली किक मारू नका

श्रोते हो, नमस्कार.

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी गेल्यावर हा उद्योग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. पडवीतल्या पोत्यांमागून काकांची नाहीतर आजोबांची जुनी मोटारसायकल ओढून अंगणात आणायची, ओल्या फडक्यानं टाकी पुसायची, बाटलीभर पेट्रोल ओतायचं आणि घरातली सगळी मंडळी ओट्यावर जमली की किक मारायची. आज मला एवढंच सांगायचं आहे की ती किक मारू नका. निदान पंधरा दिवस तरी.

मी मारली होती. एका नातेवाइकांची राजदूत, नऊ वर्षं उभी. सहाव्या किकेला चालू झाली, पोरांनी टाळ्या पिटल्या, मी ऐटीत गावात चक्कर मारायला निघालो आणि मारुतीच्या देवळापाशी ती जी थांबली ती थांबलीच. ब्लॉक उघडला तर सिलिंडरच्या आत उभ्या रेघाच रेघा. इतक्या वर्षांत आत गंज धरला होता आणि माझ्या हौसेपायी पिस्टनच्या रिंगा त्याच गंजावरून घासत गेल्या. नऊ पावसाळ्यांनी जे बिघडवलं नव्हतं, ते मी दहा मिनिटांत बिघडवलं.

म्हणून काकांची येझदी बाहेर काढताना मी आधी आमच्या मिस्त्रींकडे गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, अजूनही प्लगचा रंग बघून गाडीचा आजार सांगणारा. ते म्हणाले, "किकला हात लावायचा नाही. पाय तर नाहीच नाही."

आमच्या पिढीला येझदीबद्दल वेगळं सांगायला नको, पण तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 सालापासून जावा गाड्या बनू लागल्या. मूळ घडण चेकोस्लोव्हाकियातली. पुढे सत्तरच्या दशकात त्याच गाडीला येझदी हे नाव मिळालं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. आज येझदी नावाची नवी गाडी मिळते, पण तिचं इंजिन फोर स्ट्रोक, या जुनीचं टू स्ट्रोक. तिचा एकही भाग हिला लागत नाही. सामान शोधायला पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी उन्हात हिंडावं लागतं. खरं सांगायचं तर तेही मला आवडतं.

काकांनी गाडी 1979 साली घेतली आणि गुडघे दुखायला लागल्यावर उभी केली. चौदा वर्षं ती उभीच होती. मिस्त्रींनी प्लग काढला, भोकातून डिझेल आणि टूटी ऑइल, म्हणजे टू स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलात मिसळतात ते तेल, निम्मं निम्मं करून ओतलं आणि घरी निघून गेले. मी रोज संध्याकाळी गाडी डबल स्टँडवर घेऊन टॉप गियर टाकायचो आणि मागचं चाक हातानं हलवून बघायचो. गियरमध्ये चाक हललं की आत अडकलेला पिस्टनही हलतो. जोर करायचा नाही, नुसतं पुढं-मागं. पहिले तीन दिवस चाक ढिम्म. चौथ्या दिवशी बोटभर सरकलं. तुम्हाला हसू येईल, पण त्या बोटभर सरकण्याचा आनंद मला नवी गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. दहाव्या दिवशी पिस्टन पूर्ण वर-खाली फिरू लागला.

आता थोडं आतलं सांगतो, कारण जुन्या टू स्ट्रोक गाड्या इथंच फसवतात. टू स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनच्या खालच्या पेटीत येतं, तिथं दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवी. ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन बाजूंची रबरी ऑइल सील. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ही सील वाळून कडक होतात. गाडी चालू होते, छान पळते, पण फटीतून फाजील हवा आत जात असते. पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन तापतं आणि भर रस्त्यात पिस्टन जाम. क्लचकडच्या बाजूचं सील गेलं तर उलटाच प्रकार: गियरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागं धुराचा लोट. शे-दोनशे रुपयांची वस्तू, पण बदलायची तर इंजिन खोलावं लागतं, म्हणून लोक टाळतात. आम्ही खोललं. गियरबॉक्समधलं ऑइल ताकासारखं पांढुरकं निघालं. पाणी शिरलं होतं.

टाकीत पेट्रोल ओतण्याआधी नाक घाला. आंबट, वार्निशसारखा वास आला तर समजा की जुनं पेट्रोल तळाशी गोंद होऊन बसलंय. तोच गोंद कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात असतो. जेट सुईनं टोचू नका, भोक मोठं होतं. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर फुगवतं. तेव्हा नळी नवी घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

आमच्या गाडीच्या एका सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं आणि एअर फिल्टरच्या जागी उंदरांचा संसार. वायरिंग अर्थातच त्यांनीच संपवलेलं.

इंजिनापायी लोक ब्रेक विसरतात. जुन्या ब्रेकशूचं लायनिंग अनेकदा डिंकानं चिकटवलेलं असतं. वरून शू जाडजूड, झकास दिसतो. आम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं तर अख्खी पट्टी पापडासारखी सुटून हातात आली. उतारावर ड्रममध्ये सुटली असती तर चाक जागच्या जागी अडकलं असतं. टायरचंही तसंच. नक्षी शाबूत होती, पण रबर लाकूड झालेलं. दोन्ही टायर टाकून दिले.

कागदपत्रांचं थोडक्यात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवायची. आपल्या राज्यात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. विमा काढल्याशिवाय फाटकाबाहेर नेऊ नका.

आणि रंग? रंग दिला नाही. टाकीवर काकांच्या गुडघ्यांनी घासून झालेले दोन फिकट डाग आहेत. ते पुसून चकचकीत गाडी करायची तर बाजारात तयार मिळतात की.

शेवटी तो दिवस उजाडला. सहा व्होल्टची नवी बॅटरी, प्लगची ठिणगी ठरवणाऱ्या पॉइंटमध्ये 0.4 मिलिमीटरची फट, लिटरला 40 मिली टूटी ऑइल. येझदीत गियरचा आणि किकचा दांडा एकच, तोही डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गियर. मी चौदा दिवस कळ काढली होती, पंधराव्या दिवशी किक मारली. पहिली वाया गेली, दुसरी वाया गेली, तिसऱ्या किकेला दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि तो टणटणीत आवाज अंगणभर. शेजारच्या वहिनी वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या.

काका झोपाळ्यावर बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "रेस जास्त ठेवलीयस. अर्धा आटा सोड."

मी सोडला.

नमस्कार.