शेपटाकडून डोक्याकडे

पत्रिकेवर विषय छापलाय ‘गोदावरी खोऱ्याचं सहभागी नियोजन’. तिकडे येतोच. पण आधी एक रात्र सांगतो. पहिल्या रांगेतल्या दोघांनी ती ऐकलेली आहे, त्यांनी कृपा करून शेवट फोडू नये.

रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटून पाच दिवस झाले होते आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेपटाच्या गावात चारी, शेतापर्यंतचा छोटा पाट, ठणठणीत कोरडी. तिथले एक अण्णा माझ्याकडे आले. म्हणाले, “साहेब, तुमच्या कागदावर पाणी पोचलंय, पण आमच्या गव्हाला वाचता येत नाही.” रात्री अकराला त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून चारीच्या कडेनं वर निघालो. सातव्या दाराशी बघतो तर चारीत आडवा बांध! खताच्या गोण्यांत माती भरलेली, फटींत जुनं नऊवारी कोंबलेलं. पाणी फुगून सगळं शेजारच्या उसात. मी वही काढली. अण्णांनी लुगड्याच्या काठावर बॅटरी धरली आणि गप्पच झाले. मग म्हणाले, “वही ठेवा, साहेब. भाऊबीजेला मीच घेतलंय हे.”

ऊस दाजींचा होता! अण्णांनी लुगडं ओढून काढलं, पिळलं, बांधावर नीट वाळत घातलं. गोण्यांना हात लावला नाही. फटींतून जेवढं पाणी सुटलं, तेवढ्यावर पहाटेपर्यंत दारं धरली.

(चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.)

तर गोदावरीच्या वरच्या अंगाचे नाशिक-नगर आणि खालचा मराठवाडा यांचं नातं हेच आहे. वरचं दारणा धरण १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं. खालचं, पैठणचं जायकवाडी १९७६ चं. खालचं धरण उभं राहीपर्यंत वरच्यांच्या सवयी पन्नास-साठ वर्षांच्या झालेल्या. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटप, म्हणजे वरच्या-खालच्यांना न्याय्य वाटा, आलं. त्याच प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानं १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरून पाणी सोडायचं ठरलं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. आदेशाबद्दल माझी तक्रार नाही, बोलणी सुरू होतात त्या वेळेबद्दल आहे. ऑक्टोबरात जो तो आपापल्या गोण्या भरून बसलेला. मग बंधाऱ्यांच्या फळ्या काढा, काठावरच्या पंपांची वीज तोडा, बंदोबस्त लावा. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या.

माझं म्हणणं एवढंच, की ज्या वर्षी जायकवाडी भरून दरवाजे उघडावे लागतात, त्या वर्षी बोलणी करायला बसा. बैठक पैठणला घ्या, नाशिकला नको. नाशिक शहर, द्राक्षवाले, ऊसवाले, संभाजीनगर-जालन्याचे कारखाने, सगळे एकाच टेबलावर आणि सगळ्यांचा हिशेब टीएमसीतच. एकानं हेक्टर सांगायचे आणि दुसऱ्यानं टक्के, हे बंद. जमतं का? याच खोऱ्यात दिंडोरीच्या वाघाड धरणावर जमलंय. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरला पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे अख्ख्या प्रकल्पाची संस्था झाली, पाणी मोजून घेतात, आणि पाळी शेपटाकडून सुरू होते. धरण लहान आहे, कबूल. पण दाजी तिथंही आहेतच.

दुसरी चिठ्ठी. चहा आलाय म्हणे. मागच्या रांगेपासून वाटायला घ्या.