पांझरेचं थळ

(पडद्यावर: पहाट, साक्री तालुका. दगडी बंधाऱ्यावरून पाणी उतरतंय. पहिली २० सेकंदं निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.)

निवेदन:

ही पांझरा. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात उगम पावते, पिंपळनेरवरून खाली येते, धुळे शहर ओलांडते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. समोर दिसतोय तो फडाचा बंधारा. या नदीवर, साक्रीजवळ तिला मिळणाऱ्या कान नदीवर, पलीकडे बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर असे बंधारे एकाखाली एक बांधलेले आहेत. तीन-चारशे वर्षांचे असावेत, असं जाणकार मानतात.

भिंत बघा, फार उंच नाही. नदी अडवून ठेवण्यासाठी ती बांधलेलीच नाही. पाण्याची पातळी थोडी वर आणायची, म्हणजे काठावरच्या पाटात पाणी आपसूक शिरतं. पंप नाही, वीज नाही. जमिनीचा उतार ओळखणारी नजर तेवढी होती.

(पडद्यावर: पाटाच्या कडेनं चालणारा कॅमेरा. चारीचं दार. एक म्हातारे गृहस्थ फावड्यानं माती ओढतात.)

बंधाऱ्याखाली जेवढी जमीन भिजते, तिला थळ म्हणतात. थळाचे तीन-चार फड पडतात. फड म्हणजे एका मालकाचं शेत नव्हे. तो सलग तुकडा असतो, कुठे लहान, कुठे शंभर-सव्वाशे हेक्टरांचा, आणि त्यात अनेकांच्या पट्ट्या असतात. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू-हरभरा, आणि पाणी कमी दिसलं तर एखादा फड पडीक. हे थळातले सगळे शेतकरी बसून ठरवतात. पाऊसकाळ कसा झाला, नदीला किती दिवस पाणी राहील, हे बघून दरवर्षी नव्यानं.

यातली खुबी अशी की बहुतेक कुटुंबांची पट्टी प्रत्येक फडात असते. त्यामुळे फड पडीक ठेवायची वेळ आली तर एकट्या-दुकट्याचं घर बुडत नाही. तोटा सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येतो. जमीन कशी वापरायची आणि पाणी किती आहे, हे दोन प्रश्न इथे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कचेरीत सुटत नव्हते. ते एकाच बैठकीत सुटत. माझ्या मते नियोजन या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला खान्देशच्या माणसाला कुठे लांब जायची गरज नाही.

(पडद्यावर: चारीतून पाणी पट्टीत शिरतं. माती काळी होत जाते. हा शॉट पूर्ण चालू द्यावा.)

पाटातून फुटणारी लहान वाट म्हणजे चारी. तिचं दार उघडायचं आणि लावायचं काम पाटकऱ्याचं. पट्टीपट्टीला पाणी तोच लावून देतो. गुराढोरांपासून पीक राखायचं ते जागल्यानं. या सगळ्यांवर नजर हवालदाराची. मोबदला पूर्वापार धान्यात, म्हणजे पीक बुडालं तर त्यांचंही बुडालं. पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. त्यातून कुणाची सुटका नव्हती.

एका बंधाऱ्यावरून जे पाणी वाहून गेलं, जमिनीतून जे पाझरून पुन्हा नदीत आलं, ते खालच्या बंधाऱ्याचं. वरच्या गावानं किती घ्यायचं, हे खालचं गाव डोळ्यांपुढे ठेवून ठरत होतं. गावाची शीव ओलांडून पुढे बघणारा हा नकाशा कागदावर कधी आलाच नाही. तो पाटकऱ्याच्या पायाखाली होता.

वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि कितीतरी थळं मोडली.

(पडद्यावर: दातर्ती. नदीचं पात्र, मग गावातली जुनी माणसं पारावर.)

साक्री तालुक्यातलं हे दातर्ती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून आले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक इथलं. पांझरेच्या एका फाट्याखालून नळ घालून पाणी पलीकडे न्यायचं, म्हणजे सायफन. पुढे म्हैसूरचे दिवाण झालेल्या या माणसानं पाण्याचे पहिले धडे पांझरेच्या वाळूत गिरवले, याचा धुळे जिल्ह्याला अभिमान आहे आणि तो असावाच.

धुळ्यात तर शहराच्या सरळ गल्ल्याही त्यांनीच आखल्या, असं सर्रास सांगतात. पण नव्या धुळ्याची उभारणी सुरू झाली तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.

(पडद्यावर: ड्रोन. धुळे शहर. सरळ समांतर गल्ल्या, मधून आग्रा रोड. उत्तरेला पांझरा, पलीकडे देवपूर.)

१८१८ साली खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला अंमलदार. त्यानं १८१९ मध्ये धुळे हे मुख्य ठाणं केलं. बऱ्हाणपूर आणि इतर ठिकाणच्या व्यापाऱ्यांना, कारागिरांना बोलावून घरांसाठी मोकळ्या जागा दिल्या. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, असे पत्ते धुळ्यात आजही चालतात. दोनशे वर्षांपूर्वी आधी रस्ते आखून मग घरं बांधलेलं गाव महाराष्ट्रात सहज सापडत नाही.

वरून बघितलं की गल्ल्या कशा ओळीत बसल्यात! आता कॅमेरा जरा बाजूला न्या.

(पडद्यावर: ड्रोन शहराच्या कडेला. ओळी तुटतात. शेतातल्या कॉलन्या, मध्येच उभी ज्वारी, अर्धवट गटार.)

इथून ओळी तुटल्या. हे शेतातले लेआउट. एका गटातला रस्ता शेजारच्या गटाच्या बांधाला जाऊन थांबतो, कारण शेजारचा मालक वेगळा, त्याच्या मंजुरीचं वर्ष वेगळं. गटारीचंही तेच. पाणी उतार शोधतं, गटनंबर बघत नाही. वलवाडी, अवधान ही गावं हद्दवाढीनंतर महापालिकेत आली. पण कॉलन्या त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. शहर आधी वाढलं आणि हद्द मागून आली.

धुळ्यात महापालिका २००३ मध्ये झाली, जळगावातही त्याच वर्षी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्या कायद्यात तीन पायऱ्या आहेत. वर प्रादेशिक योजना, म्हणजे शहर आणि भोवतालची गावं मिळून. मधे शहराची विकास योजना, साधारण २० वर्षांसाठी. आणि तळाला नगररचना योजना. तिच्यात शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरतात, रस्ते, बागा, शाळा यांच्यासाठी जागा काढतात आणि उरलेली जमीन आकार देऊन त्याच मालकांना परत देतात. जमीन थोडी कमी होते, पण प्रत्येक भूखंडाला रस्ता मिळतो.

ऐकताना ओळखीचं वाटलं ना? प्रत्येकानं थोडं सोडायचं, म्हणजे सगळ्यांना पाणी पोचतं. फडाचाच हिशेब. गावोगावच्या कॉलन्यांच्या कडेला ही तिसरी पायरी वापरली असती, तर मघाशी दिसलेलं गटार अर्धवट राहिलं नसतं.

(पडद्यावर: पांझरेचा काठ, धुळे. एकवीरा देवीचं मंदिर, पूल, काठावरचे रस्ते. पात्रात उतरणारं सांडपाणी. काठावरच्या पत्र्याच्या घरांसमोर भांडी घासणाऱ्या बाया.)

नदीकाठाला नकाशात दोन रेषा असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरा धुळ्यात शिरली होती, घरं वाहून गेली होती. नदीला तिची जागा ठाऊक आहे. काठावर राहणाऱ्या माणसांनाही ती ठाऊक असते, पण शहरात दुसरीकडे त्यांना परवडेल अशी जागा नसते.

(निवेदन नाही. घरांचे चेहरे. १५ सेकंदं.)

विकास योजनेच्या नकाशात राहण्याची जागा पिवळ्या रंगात असते, शेती हिरव्या. सकाळी मजुरीसाठी चौकात उभा राहणारा माणूस, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा विणकर, साक्रीच्या पाड्यांवरून आलेलं कुटुंब, यांच्या नावाचा पिवळा तुकडा कुठे आहे, हे नकाशा मंजूर होण्याआधी विचारायला हवं. हरकती आणि सूचनांसाठी कायद्यानं मुदत दिलेली असते. तो नकाशा नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर नुसता टांगून भागत नाही. वस्तीत नेऊन उलगडून दाखवायला हवा, जमल्यास अहिराणीत, भिलोरीत.

(पडद्यावर: टेबलावर पसरलेला जिल्ह्याचा नकाशा. एक बोट नदीवरून फिरतं.)

२०१६ च्या ऑक्टोबरात इक्वेडोरमधल्या कीटो शहरात संयुक्त राष्ट्रांची शहरांविषयीची मोठी परिषद झाली. तिथे जगभरातल्या देशांनी मान्य केलं की शहर आणि भोवतालचा ग्रामीण मुलूख यांचं नियोजन एकत्र व्हायला हवं. चांगली गोष्ट आहे. पण आपल्या राज्यघटनेत हे त्याच्याही आधी आलेलं आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातलं कलम २४३ झेडडी जिल्हा नियोजन समितीला काय सांगतं? पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करा, संपूर्ण जिल्ह्याचा विकास आराखडा बनवा, आणि तो बनवताना जागेचं नियोजन, पाण्याचं आणि इतर नैसर्गिक साधनांचं वाटप, सुविधांचा एकत्रित विकास आणि पर्यावरणाचं जतन यांचा विचार करा. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेले, गावचे आणि शहरचे, एकत्र.

पाण्याचं वाटप. हा शब्द घटनेत आहे. म्हणजे थळाची बैठक घटनेनं जिल्ह्याला बहाल केलेली आहे. ती पांझरेच्या खोऱ्यासाठी भरावी, पिंपळनेरपासून मुडावदपर्यंतच्या गावांनी आणि धुळे महापालिकेनं एका टेबलावर बसावं, एवढीच आमची मागणी. निधी वाटून समितीची बैठक उठते, तिथे ती संपू नये.

(पडद्यावर: जळगाव-भुसावळ महामार्ग. नशिराबाद, साकेगाव, केळीनं भरलेले ट्रक, रेल्वेचे रूळ.)

खान्देशात दुसरीकडे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. जळगाव आणि भुसावळ, मधे साधारण २५ किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत जळगाव सुमारे ४ लाख ६० हजार, भुसावळ सुमारे १ लाख ८७ हजार. घटनेच्या भाषेत महानगर क्षेत्र १० लाखांपासून सुरू होतं, तेव्हा ही जोडगोळी त्यात बसत नाही. पण नोकरीसाठी रोज एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्याला लोकसंख्येच्या आकड्याचं काय? जळगाव-भुसावळ प्रदेशाची प्रादेशिक योजना कधीच झालेली आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय उभं राहिलं, ते तुम्हीच बघा.

(पडद्यावर: निवेदनाविना महामार्ग, मग नरडाणा.)

आणि हे नरडाणा. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात धुळे-नरडाणा परिसराचं नाव आहे. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग मंजूर केला, तो धुळ्यावरून जाणार. इथे कारखाने येतील, माणसं येतील, जमिनीचे व्यवहार तर आधीच येतात. रूळ पडण्याआधी नकाशा व्हायला हवा, त्यात नाले, गायरानं, विहिरी, कामगारांची घरं आधी आखायला हवीत.

(पडद्यावर: संध्याकाळ. मुडावद, कपिलेश्वर मंदिर. पांझरा तापीला मिळते. दोन पाण्यांचे रंग.)

मुडावद. फडांमधून उरलेलं, धुळ्याच्या पुलांखालून गेलेलं, नाल्यांचं मिसळलेलं, सगळं पाणी इथे तापीत उतरतं. धुळे शहराच्या नळांना जे पाणी येतं, त्यातलं काही याच तापीतून येतं. सुकवदला ते उचलतात, बाभळ्याला शुद्ध करतात आणि जलवाहिनीनं पुन्हा पांझरेच्या काठी आणतात.

(पडद्यावर: सकाळ. देवपुरातला एक नळ. रांगेत लावलेल्या घागरी. पाणी येतं.)